चौथ्या डब्याचं मीठ

सर्जापूर रोड, बेंगळुरू
३ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन असताना ही पोरगी पत्र का लिहिते, असं काकू विचारेलच. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि तुम्ही "हां हां" करत सगळ्यालाच होकार देता, म्हणून. शिवाय या वेळी मला तुमचे शब्द कागदावरच हवेत.

आमच्या दुसऱ्या वर्षाला एक मोठं प्रोजेक्ट आहे. घरातला एक पदार्थ निवडायचा, तो सहा वेळा करायचा, दर वेळी ग्रॅममध्ये मापं लिहायची आणि घरातल्या जाणत्या माणसाला चाखायला देऊन त्याचा अभिप्राय नोंदवायचा. मी पंचामृत निवडलंय. चिंच, गूळ, तीळकूट, मिरच्या, मेथ्या, एक जरी पुढे गेलं तरी सगळं बिघडतं, म्हणून तेच घेतलं. चाखणार कोण, असं प्रतिमा मॅडमनी विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "माझे काका. भीमाचार्य, राजाजीनगर. चाळीस वर्षं लग्नांचे आचारी." बाबा तर हुबळीहून अजून विचारतात, माझा सख्खा थोरला भाऊ असताना तुला स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला लागतं म्हणून.

सुमंतदादाचं ऑफिस इथून जवळ आहे. शुक्रवारी घरी येताना तो डबा घेऊन येत जाईल. पहिला डबा परवा पोचलाच असेल. नोंदवहीच्या पहिल्या पानावर मी सही केलीय की आतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक शब्द खरा आहे. तेव्हा लाड नकोत, अण्णा.

तुमची
हर्षिता


राजाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

चि. हर्षितास अनेक आशीर्वाद.

पुट्टी, तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तुझ्या काकूने वाचलं, मग मी तिला पुन्हा वाचून दाखवलं. या घरात बारा वर्षांनी कुणाचं तरी हाताने लिहिलेलं पत्र आलं.

आता डबा. तेल वर सुटलंय, म्हणजे शिजवलंस व्यवस्थित. रंग विटकरी हवा, तुझा स्वल्प काळपट आहे. गूळ जुना घेतलास. मिरचीचे तुकडे लहानमोठे झालेत, त्यामुळे एक शिजतो आणि दुसरा कचकचतो. खोबऱ्याचे काप पातळ आहेत, ते छान. चवीला उत्तम. सरी आहे. असंच करत राहा.

मी बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा पंचामृत ढवळायला बसलो. माझे गुरू म्हणायचे, चमचा फिरवताना आवाज बदलतो तो ऐक. पातळ असताना सळसळतं, झालं की खदखदतं. तूही कान देऊन बघ. मापं ग्रॅममध्ये लिहितेस ते ठीक, पण कढई काय सांगते तेही लिही.

इथे सगळं बरं. परवा शेजारच्या आप्पाजींच्या घरी मुंज होती. मी स्वयंपाक आता करत नाही, तरी त्यांच्या आचाऱ्याने चमच्यात सार घेऊन माझ्यापाशी धाव घेतली. अजून विचारतात लोक.

तुझा
अण्णा


सर्जापूर रोड
३१ ऑगस्ट २०२५

ती. अण्णांना सा. नमस्कार.

गणपतीला येता आलं नाही, सबमिशनं होती. इथे हॉस्टेलवर आम्ही मुलींनी मोदक केले. माझ्या खोलीतली मैत्रीण अनुषा मंगळुरूची आहे, तिने हळदीच्या पानात गुंडाळून वाफवलेली पातोळी केली. निम्म्या मुलींनी पानासकट खाल्ली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याचे तुमचे अभिप्राय मिळाले. अण्णा, रागावू नका, पण प्रतिमा मॅडम वाचून हसल्या. म्हणाल्या, "तुझे काका डोळ्यांनी फार कडक आहेत आणि जिभेने फार मऊ." रंग, तेल, तुकडे यावर तुम्ही चारचार ओळी लिहिता आणि चवीवर दोनच शब्द, "सरी आहे." नुसतं 'बरोबर आहे' त्यांना पुरत नाही. आंबट किती, गोड किती, मीठ कसं, सगळं वेगळं लिहायचं आहे.

चौथा डबा परवा सुमंतदादाबरोबर आला असेल. त्याच्याबद्दल अगदी खरं लिहा. बिघडला असेल तर बिघडला म्हणा, मला वाईट वाटणार नाही. यावेळच्या उत्तराची मी जास्त वाट बघतेय.

तुमची
हर्षिता


राजाजीनगर
७ सप्टेंबर २०२५

चि. हर्षितास आशीर्वाद.

तुझ्या मॅडमना सांग, म्हाताऱ्याने ऐकलं. घे.

चौथा डबा. आंबटपणा स्वल्प मागे, पण पंचामृतात चिंच मागेच शोभते. गूळ बरोबर. तिखट जिभेवर येऊन थांबतं, घशात जात नाही. मेथीचा कडवटपणा शेवटी येतो, तसाच यायला हवा. मीठ अगदी बेताचं. आतापर्यंतच्या चारांत हा सर्वांत चांगला. याच मापाने पुढे जा.

बिघडला असेल असं तुला का वाटलं? उगाच घाबरतेस. लहानपणी पुऱ्या लाटतानाही अशीच करायचीस, फुगलेली पुरी कढईत दिसत असताना "फुगली का?" विचारायचीस.

तुझा
अण्णा


सर्जापूर रोड
१२ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,

एक वाईट बातमी आहे. बाबांना अजून सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

सप्टेंबरअखेर मी प्रोजेक्ट दिलं. दर वेळच्या पंचामृताची एक वाटी तारीख घालून कॉलेजच्या फ्रीजरमध्ये ठेवावी लागते. मॅडमनी त्या सहाही वाट्या काढून चाखल्या आणि यंत्राने मीठ मोजलं. चौथ्या वाटीत मी लिहिलंय त्याच्या दुप्पट मीठ निघालं. मॅडम म्हणाल्या, "हे कुणी तोंडात धरू शकणार नाही, आणि तुझ्या काकांनी लिहिलंय 'मीठ अगदी बेताचं'. हर्षिता, हे अभिप्राय तूच लिहिलेस का?"

मी तुमचे शब्द इंग्रजीत उतरवून दिले होते, त्यामुळे त्यांना वाटतंय की ते मी मनाने रचले. प्रकरण शिस्त समितीकडे गेलंय. ८ नोव्हेंबरला सुनावणी आहे. दोषी ठरले तर एक वर्ष कॉलेजबाहेर. मी समितीला लिहून दिलंय की यंत्रच चुकलं असेल.

तुमची मूळ पत्रं मी दिली आहेतच. ते शब्द तुमचेच आहेत असं सहीनिशी लिहून पाठवाल का? लवकर पाठवा. मला जेवण जात नाहीये.

तुमची
हर्षिता


राजाजीनगर
१५ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षितास आशीर्वाद.

सोबत समितीसाठी पत्र ठेवलंय. त्यात लिहिलंय की सहाही अभिप्राय माझेच, तू एक अक्षर बदललेलं नाहीस. आणि हेही लिहिलंय की मला पहिल्यापासून मीठ जास्त लागतं, इतरांना खारट वाटेल ते मला बेताचं वाटतं.

जेवत जा वेळेवर. दिवाळीला ये. काकू चकल्या तुझ्या हातच्याच हव्यात म्हणते.

अण्णा


सर्जापूर रोड
२६ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णांना सा. नमस्कार.

दिवाळीचे चार दिवस तुमच्या शेजारी बसून काढले आणि जे बोलायचं ते बोलले नाही. म्हणून आता लिहिते.

तुमचं पत्र समितीने वाचलं. मॅडमचा आवाज मऊ झाला. त्या म्हणाल्या, "तुझ्या काकांनाच बोलवू या. त्यांच्यासमोर सहाही वाट्या ठेवू, ते चाखतील आणि विषय मिटेल." मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटली.

अण्णा, चौथ्या डब्यात मीठ दोनदा पडलं होतं. मी बारा ग्रॅम घातलं, मग अनुषा काहीतरी विचारायला आली, बोलण्याच्या नादात मी पुन्हा बारा ग्रॅम घातलं. डबा सुमंतदादाबरोबर गेल्यावर मी चाखलं तेव्हा कळलं. अनुषाने तर बेसिनमध्ये थुंकलं. वाटलं, अण्णा झोडपून काढतील, मग मी वहीत खरं लिहीन, "चूक झाली, पुन्हा केलं" म्हणून. त्याला मार्क कमी मिळाले असते, इतकंच. पण तुमचं पत्र आलं, "सर्वांत चांगला." मला इतकं हलकं वाटलं की मी वहीत बारा लिहिलं आणि पान उलटलं. यंत्र चुकलं हेही मी खोटंच सांगितलं. यंत्र बरोबर होतं.

आता एक विचारते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकू चिवड्यात मीठ घालायला विसरली होती. सुमंतदादाने पहिला घास घेऊन तोंड वाकडं केलं. तुम्ही त्याच्याआधी मूठभर खाऊन म्हणाला होतात, "पद्मा, झकास." दादाचा चेहरा बघून मग म्हणालात, "हां, मीठ स्वल्प कमी आहे."

दुप्पट मीठही तुम्हाला बेताचं आणि बिनमिठाचंही झकास. अण्णा, तुम्हाला काय झालंय?

हर्षिता


राजाजीनगर
२९ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षितास अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस ते बरं केलंस. हे पत्र मी देवघरात बसून लिहितोय, कारण काकू तिथे मला हाका मारत नाही.

मला चव कळत नाही. वासही येत नाही. मागच्या वर्षी फेब्रुवारीत तो ताप आला होता ना, त्यानंतर. ताप उतरला त्या सकाळी काकूने कॉफी दिली, ती नुसत्या गरम पाण्यासारखी लागली. वाटलं, तोंडाची चव गेलीय, येईल. आठ दिवसांनी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. रिकामा डबा धरावा तसं. सुमंत ऑफिसला गेल्यावर गुपचूप डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, येईल किंवा येणारही नाही. घरी आलो आणि कुणालाच काही बोललो नाही.

सांभाळून घेणं जमत गेलं. काकूने वाढलं की मी सुमंतचं तोंड बघतो. कुणी आचारी चमचा घेऊन आला की आधी विचारतो काय काय घातलंस, मग त्याच्या हाताच्या सवयीवरून अंदाजाने सांगतो. निम्म्या वेळा बरोबर येतं. नाही आलं तर लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची आवड वेगळी.

मग तुझे डबे आले. तू भरलेले सहाही डबे मी बोटाने पुसून खाल्ले, पुट्टी, आणि काय खाल्लं ते मला माहीत नाही. चौथ्या डब्यानंतर पायांना सूज आली होती. डॉक्टरने रक्तदाबाची गोळी वाढवली. कशाने ते आज कळलं. मॅडमनी जास्त लिहायला सांगितलं तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण तू पाठवलंयस, तू वाट बघतेयस, आणि मी लिहू की मला तुझं पंचामृत आणि ओला कागद सारखंच लागतं? चाळीस वर्षांत जिभेवर जे साठलं होतं त्यातून मी सगळं रचलं. मेथीचा कडवटपणा शेवटी येतो, हे मी आठवून लिहिलं.

तुझ्या वहीतलं खोटं माझ्या खोट्याला धरून वाढलं. समितीला पाठवलेलं पत्र परत माग. आठ तारखेला मी येतोय, पण वाट्या चाखायला नाही, सांगायला. तुझ्या मिठाचं काय करायचं ते तुझं तू ठरव. तुला मी काही शिकवावं अशा जागेवर मी आज नाही.

आज संध्याकाळी काकूला सांगणार आहे. समितीपेक्षा मला तिचीच भीती जास्त वाटते.

तुझा
अण्णा


राजाजीनगर
२ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षू,

यांनी मला बुधवारी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि पहिलं तेच विचारलं, "म्हणजे दीड वर्ष रोज 'पद्मा, आजचं सार सरी झालंय' म्हणत होता ते सगळं खोटं?" हे म्हणाले, "सार चांगलंच असणार, तू केलेलं." मी दोन दिवस बोलले नाही. चिवड्याचं तर मला अजून राहून राहून आठवतं.

तिसऱ्या दिवशी कॉफी दिली आणि म्हटलं, "साखर घातलेली नाही, सांगून ठेवते." हे हसले. मग डोळ्याला पंचा लावला. मग मीही बसले तिथेच.

सोमवारी नाकाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. या वेळी मी बरोबर जाणार. सुमंत आठ तारखेला यांना घेऊन येईल. यांना शर्टाच्या वर कोट घालायचा आहे, मी नको म्हटलंय. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिजून निघतील. तुझ्या मिठाचंही यांनी सांगितलं. सूज तुझ्या मिठाने आली म्हणून मी रागावलेय, पण तो राग नंतर काढेन. आधी जेव.

तुझी
काकू


सर्जापूर रोड
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय काकूस सा. नमस्कार.

काल घरी पोचल्यावर अण्णांनी तुला "सगळं सरी झालं" एवढंच सांगितलं असेल, म्हणून मी लिहिते.

अण्णांचं पत्र वाचलं त्या सोमवारीच मी मॅडमकडे गेले. दोनदा दारापर्यंत जाऊन परतले, तिसऱ्यांदा आत गेले. सांगितलं की मीठ दोनदा पडलं, मला माहीत होतं, आकडा मी खोटा लिहिला आणि यंत्रावर ढकललं. अण्णांचं काही बोलले नाही. फक्त विनंती केली की आता काकांना बोलावू नका, त्यांची गरज उरलेली नाही. मॅडम म्हणाल्या, "तू लिहून दे. आणि ते आले तर मी थांबवणार नाही."

आणि अण्णा आलेच. कोट घालून. सुमंतदादा म्हणाला, गाडी निघाल्यावर पिशवीतून काढला.

समितीत तिघं होते. प्राचार्य जयतीर्थ सर, प्रतिमा मॅडम आणि आणखी एक सर. बोलणं कन्नडमधूनच झालं. आधी माझं लिहिलेलं वाचलं गेलं. मग सर अण्णांना म्हणाले, "तुमच्या पुतणीने चूक कबूल केलीय. तुम्हाला त्रास झाला, क्षमा करा."

अण्णा उभेच राहिले. म्हणाले, "माझंही ऐका. मी पाठवलेलं पत्र खोटं आहे. मला जास्त मीठ आवडत नाही. मला मीठ कळतच नाही." आणि मग सगळं सांगितलं. ताप, हिंग, सगळं. आवाज एकदाही हलला नाही.

मॅडमनी हळूच विचारलं, "घरात तरी का नाही सांगितलंत?"

अण्णा म्हणाले, "मला स्वयंपाक सोडून नऊ वर्षं झाली, अम्मा. तरी गल्लीत कुठे कार्य असलं की पोरं चमचा घेऊन माझ्यापाशी येतात. सांगितलं असतं तर ती यायची थांबली असती."

जयतीर्थ सर उठले आणि त्यांनी स्वतः अण्णांना खुर्ची दिली.

निकाल सांगते. प्रोजेक्टला शून्य. माझ्या नावावर लेखी ताकीद, ती कागदपत्रांत कायम राहणार. पुढच्या सत्रात पुन्हा पहिल्यापासून सहा वेळा करायचं, आणि चाखणारं माणूस दुसरं. वर्ष मात्र वाचलं. सर म्हणाले, "सुनावणीआधी आलीस म्हणून." शून्य बघून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बाबांना रात्री फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "अण्णाला जेवण कसं जातं गं?"

काकू, नवीन चाखणारी म्हणून मी तुझं नाव दिलंय. तुला विचारलं नाही. तू लाड करणार नाहीस, हे मॅडमना मी ठासून सांगितलंय.

आता जेवणाचं. सुनावणी संपली तेव्हा एक वाजला होता. अण्णांना मी आमच्या मेसमध्ये नेलं. सुमंतदादा गाडी लावायला गेला होता. ताट समोर आलं, अण्णांनी भात कालवला, आणि सवयीने आजूबाजूला पाहिलं. कुणाचं तोंड बघावं म्हणून, मला कळलं. समोर फक्त मी होते, आणि मी अजून घास घेतला नव्हता.

मग मी घेतला. म्हटलं, "अण्णा, सार आंबट आहे. जास्तच. टोमॅटो कच्चे होते. मिरे आहेत, ते मागून येतात, नाकात जातात."

त्यांनी तोच घास घेतला. सावकाश चावला.

"बीन्सच्या भाजीत खोबरं आजचं नाही, स्वल्प खवट लागतंय. मीठ बरोबर आहे. पापड फक्त तेलकट. ताक चांगलं आहे, आलं जास्त आहे, पण चांगलं आहे."

मी सांगत गेले आणि ते जेवत गेले. एक एक गोष्ट आधी मी चाखायची, सांगायची, मग ते. मेसमधली मुलं बघत होती. मला काहीच वाटलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "मेथी आहे का यात कुठे?" मी पुन्हा सार घेतलं, डोळे मिटले आणि म्हटलं, "आहे. एखादाच दाणा."

अण्णांनी सार दुसऱ्यांदा मागून घेतलं.

तुझी
हर्षू